सज्जनांची मर्जी व देवाची मर्जी

(पाठ: १ शमुवेल १५, योहान १२:४२, ४३, गलती. २:११-१४, १ थेस्सल. २:१-१२)

गेल्या पावसाळ्यांत वाशीम जिल्ह्यांतील रिठद गांवीं एका घराच्या ओसरीवर आम्ही हा पाठ शिकवीत होतों. सोयाबीनच्या निंदणीचे दिवस असल्यामुळें माणसें दिवेलागणीनंतर जमलीं. कित्येकांच्या पायांस अजून शेतांतला चिखल होता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून झाला. मनुष्यांस बरें वाटावें म्हणून आम्ही बोलत नाहीं, अंतःकरणें पारखणाऱ्या देवाकडे पाहून बोलतों, असा पौलाचा तेथें आशय आहे. आम्ही पुस्तक मिटतों न मिटतों तोंच कोपऱ्यांतून एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पाळकसाहेब, लोकायची मर्जी राखली नाही, त मंडळीत येईन कोण?"

चारदोन माणसें हंसलीं. आम्हांस हंसूं आलें नाहीं. प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर त्या रात्रीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. मागाहून त्यावर पुष्कळ विचार केला. तो आज वाचकांपुढें, विशेषेंकरून खेडोपाडीं काम करणाऱ्या उपदेशकबंधूंपुढें, ठेवीत आहों.

ह्या विषयावर उपदेश होतो तेव्हां बहुधा शत्रूंचे दाखले दिले जातात. दानीएल सिंहांच्या गुहेंत, पेत्र व योहान न्यायसभेपुढें, स्तेफनावर धोंड्यांचा मारा. हे दाखले मोलाचे आहेत. परंतु उपदेशकाचें मन शिव्या देणाऱ्यापुढें क्वचितच वांकतें. शिव्या देणाऱ्यापुढें तो उलट ताठ होतो, आणि घरीं येऊन ती हकीकत बायकोला सांगतोहि. त्याचें मन वांकतें तें भल्या माणसापुढें: ज्यानें मुलाला वसतिगृहांत जागा मिळवून दिली त्याच्यापुढें, प्रार्थनामंदिरावर ज्यानें आपल्या पैशानें पत्रे घातले त्याच्यापुढें, आजारपणांत ज्याच्या घरची भाकरी आली त्याच्यापुढें. ज्याचें मीठ खाल्लें त्याचें मन कसें मोडावें? असें विचारणारा माणूस दुष्ट नसतो, कृतज्ञ असतो; म्हणूनच त्याला उत्तर देणें कठीण जातें.

शौल राजाची गोष्ट ह्या दृष्टीनें पुन्हा वाचावी. अमालेकी लोकांशीं झालेल्या लढाईंत लूट राखूं नये अशी देवाची आज्ञा होती. उत्तम मेंढरें व गुरें राखलीं गेलीं. शमुवेल शौलाकडे आला तों मेंढरांचें ओरडणें त्याच्या कानीं पडलें. शौल आधीं म्हणतो, मीं आज्ञा पाळली. मग म्हणतो, लोकांनीं राखलीं, आणि तींहि यज्ञासाठींच. कोंडींत सांपडल्यावर मात्र खरें कारण त्याच्या तोंडून निघतें: तो लोकांस भ्याला. हे लोक म्हणजे पलिष्टी नव्हेत. हे त्याचेच लोक, त्याच्यासाठीं लढलेले, त्याच्या बरोबर तहानभूक सोसलेले. त्यांस चार मेंढरें नाकारणें त्याच्या जिवावर आलें.

परंतु तिसाव्या वचनाकडे उपदेशकांनीं अधिक लक्ष द्यावें. राज्य आपल्यापासून काढून घेतलें गेलें हें कळल्यावर शौल शेवटचें मागणें काय मागतो? निदान ह्या वेळीं वडिलांपुढें व इस्राएलापुढें माझा मान राख, आणि माझ्या बरोबर परत चल. शमुवेल गेला. लोकांनीं त्या दिवशीं काय पाहिलें असेल? राजा व संदेष्टा बरोबर चालले आहेत, उपासना होत आहे, सर्व कांहीं ठीक आहे! देवाच्या दरबारीं राज्य गेलें होतें, आणि लोकांच्या डोळ्यांपुढें मान शाबूत होता. त्यानंतर शमुवेल मरेपर्यंत शौलाच्या भेटीस आला नाहीं, असें त्याच अध्यायाच्या शेवटीं लिहिलें आहे. आम्हांस ह्या गोष्टीची भीति वाटते ती एवढ्यासाठीं कीं, असा मान वर्षानुवर्षें टिकूं शकतो. पाळकाची मंडळी भरलेली असते, अहवाल चांगला जातो, आणि आंत काय तुटलें हें एकट्या त्यालाच ठाऊक असतें.

योहानाच्या १२ व्या अध्यायांतले अधिकारी ह्याच जातीचे. विश्वास होता, सभास्थानांतून काढून टाकतील म्हणून तोंड मिटलेलें होतें. त्यांच्याविषयीं ह्याहून अधिक कांहीं सांगण्यासारखें नाहीं, आणि हेंच त्यांचें दुःख.

आपल्या महाराष्ट्रांतला दाखला घ्यावयाचा तर पंडिता रमाबाईंचा घ्यावा. त्या पाळक नव्हत्या. पण मराठी ख्रिस्ती लोकांस त्यांच्याएवढे पुढारी फारसे लाभले नाहींत. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं वीस वर्षांच्या रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. १८८२ त पुण्याच्या सुधारकांनीं त्यांचें मोठें स्वागत केलें. पुढच्याच वर्षीं, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, इंग्लंडांत वांटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि कौतुक करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तोंड फिरविलें. लुस्त्र येथें ज्या लोकसमुदायानें पौल व बर्णबा ह्यांस देव समजून बैल आणले, त्याच समुदायानें पौलावर पुढें धोंडे मारले (प्रे. कृ. १४), तशांतलाच हा प्रकार. येथवरची हकीकत सर्वांस ठाऊक असते.

त्यापुढची तितकीशी ठाऊक नसते. वांटेजच्या मठवासी भगिनींनीं रमाबाईंस आसरा दिला होता. लहानग्या मनोरमेवर माया केली होती. त्या उपकारांची रमाबाईंस पूर्ण जाणीव होती. तरी चर्चनें ठरविलें आहे एवढ्याच कारणावरून एखादी शिकवण मान्य करावी, हें त्यांनीं कबूल केलें नाहीं. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत असतां त्यांनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. रमाबाईंनीं आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांस स्पष्ट कळविलें कीं, ख्रिस्ताच्या स्वाधीन झालें म्हणून माझी विवेकबुद्धि मीं कोणा माणसाच्या हवालीं केलेली नाहीं. शब्द आमचे आहेत, आशय त्यांचा. तो सर्व पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झाला आहे. इंग्रजी वाचतां येणाऱ्या पाळकांनीं तो अवश्य पाहावा. त्या काळचीं त्यांचीं सर्व मतें आम्हांस पटतात असें नाहीं, आणि पुढें त्यांचींहि तीं सर्व राहिलीं नाहींत. परंतु ज्यांच्या घरीं राहावयाचें त्यांस असें लिहावयाला काय लागतें, तें परक्याच्या घरीं राहिलेल्यास विचारावें.

पुढें अमेरिकेंत बोस्टन येथें १८८७ सालीं रमाबाई असोसिएशन स्थापन झालें व दहा वर्षें साहाय्य देण्याचें ठरलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्या सालीं तें पुण्यास नेलें. विधवांनीं तेथें शिकावें, त्यांच्या रीतिरिवाजांत कोणी हात घालूं नये, आणि शाळेंत कोणताहि धर्म शिकवूं नये, अशी व्यवस्था होती. सल्लागार मंडळींत महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांसारखे पुरुष होते. त्यांच्या नांवावर विश्वासून पालकांनीं मुली धाडल्या.

रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेसह पवित्र शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचें दार लावून घेत नसत. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. बाहेर कुजबुज झाली. 'केसरी'नें टीकेची झोड उठविली. शेवटीं १८९३ च्या आगस्टांत सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि वीसपंचवीस मुलींस त्यांच्या घरच्यांनीं काढून नेलें.

येथें वाचकांनीं घाई करूं नये. रानडे व भांडारकर हे शत्रू नव्हते. विधवांची बाजू घेतल्याबद्दल स्वतः त्यांनीं पुष्कळ बोलणें सोसलें होतें. पालकांस त्यांनीं शब्द दिला होता, आणि त्या शब्दाची त्यांस काळजी वाटली ह्यांत वावगें कांहीं नाहीं. आम्ही त्यांच्या जागीं असतों तर काय केलें असतें, हें छातीला हात लावून सांगतां येत नाहीं. म्हणूनच रमाबाईंचा प्रसंग कठीण होता. समोर पुण्याचे कर्मठ शास्त्रीच असते, तर निर्णय सोपा गेला असता.

आणि मागणें तरी केवढें? एक दार लोटून घ्यावयाचें. प्रार्थना सोडा असें कोणी म्हणत नव्हतें. आंत काय चालतें तें बाहेर दिसूं नये, एवढेंच. दार लावलें असतें तर सदन भरलेलें राहिलें असतें, थोरांची नांवें पत्रिकेवर राहिलीं असतीं, पैसाहि आला असता. कामासाठीं म्हणूनच दार लावावें, असें एखाद्या उपदेशकानें त्यांस सुचविलें असतें! शौलानेंहि मेंढरें यज्ञासाठींच राखलीं होतीं.

रमाबाईंनीं दार लावलें नाहीं. शाळेंत धर्म शिकविणार नाहीं हें वचन आपण पाळलें आहे. माझा विश्वास झांकून ठेवीन असें वचन मीं कोणास दिलेलें नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. कोणा मुलीस त्यांनीं आंत बोलाविलें नाहीं, कोणास बाहेर घालविलें नाहीं. मुली आपापली देवपूजा व सोंवळें पाळीत, त्यासहि त्यांची आडकाठी नव्हती. आम्हांस ह्यांत विशेष वाटतें तें हें कीं, वांटेजला ज्या बाईनें आपल्या विवेकबुद्धीवर कोणाचा हुकूम चालूं दिला नाहीं, तिनेंच पुण्यास आपल्या हाताखालच्या मुलींवर स्वतःचा हुकूम चालविला नाहीं. देवापुढें ताठ उभे राहणारे पुष्कळ असतात. दुबळ्यांसहि तसेंच उभें राहूं देणारे थोडे.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराधार मुलींस व विधवांस घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून उभें राहिलें. साधी बाई वाचूं शकेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं आयुष्याच्या शेवटपर्यंत केलें. १९१९ सालीं सरकारानें कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. १९२१ सालीं मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. पण उपदेशकबंधूंनीं हा दाखला सांगतांना एक चूक करूं नये. केडगांव भरभराटलें म्हणून १८९३ चा निर्णय बरोबर ठरला, असें शिकवूं नये. सदन त्याच सालीं बंद पडलें असतें तरी तो निर्णय जसा होता तसाच राहिला असता. यश हें देवाच्या पसंतीचें प्रमाणपत्र नव्हे, अपयशहि नव्हे. लोक आपल्यावर रागावले म्हणजे देव प्रसन्न आहे, असें मानणारे कांहीं भाऊ आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्यावर लोक त्यांच्या तोंडामुळें रागावलेले असतात.

आतां आमची स्वतःची गोष्ट. ती सांगितल्यावांचून गलतीकरांच्या पत्राचा पाठ शिकविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीस जेवत असे. याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, तेव्हां तो हळूहळू मागें सरला. तो काय बोलला तें लिहिलेलें नाहीं. बहुधा कांहींच बोलला नसेल. तो केवळ त्या पंक्तींत दिसेनासा झाला. बर्णबासारखा माणूसहि त्याच्या मागें ओढला गेला, आणि पौलास सर्वांदेखत बोलावें लागलें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं, गांवाचें नांव सांगत नाहीं, आम्ही एका ख्रिस्ती घरचें लग्न लाविलें. घरधनी मंडळीचे वडील; प्रार्थनामंदिराचे पत्रे त्यांच्याच पैशाचे. जेवणाच्या वेळीं पाहतों तों दुसऱ्या जातींतून प्रभूकडे आलेल्या चार कुटुंबांसाठीं गोठ्याच्या बाजूला वेगळी पंगत मांडलेली. सकाळीं तींच कुटुंबें आमच्या पुढें एकाच सतरंजीवर बसून गीत गात होतीं. घरधन्यांनीं आमच्या कानाशीं येऊन म्हटलें कीं, पाहुणे जुन्या वळणाचे आहेत, आजचा दिवस संभाळून घ्यावें. आम्हीं संभाळून घेतलें. वेगळ्या पंगतींतहि बसलों नाहीं, मोठ्या पंगतींतहि बसलों नाहीं. एस्. टी.ची वेळ झाली असें सांगून उपाशींच निघालों, आणि वाटेंत मनाला सांगितलें कीं निदान त्या अन्नाला तरी शिवलों नाहीं. पेत्रानेंहि मनाला असेंच कांहीं सांगितलें असेल.

पुढल्या महिन्यांत गोठ्याकडच्या पंगतींतला एक भाऊ भेटला. तो रागावला नव्हता. एवढेंच म्हणाला, "पाळकसाहेब, तुमची गाडी त सातले होती."

तेव्हांपासून १ करिंथ. ४ थ्या अध्यायांतले पौलाचे शब्द आम्ही निराळ्या रीतीनें वाचतों. लोकांनीं माझा न्याय करावा ह्याची मला पर्वा नाहीं, असें पौल म्हणतो, हें आपण मोठ्यानें वाचतों. पण तेथेंच तो म्हणतो कीं, मी स्वतः सुद्धां आपला न्याय करीत नाहीं. न्याय करणारा प्रभु आहे, व तो अंधारांतील गोष्टी उजेडांत आणील. सोनार नाणें हातांत घेतो तेव्हां तें किती हातांतून फिरलें हें विचारीत नाहीं. कसोटीवर घांसून पाहतो. मनुष्यांची शाबासकी म्हणजे हातोहात फिरणें होय. गावांत आमची शाबासकी त्या लग्नानंतर वाढलीच होती. पाळक समजूतदार आहे, असें लोक म्हणत होते.

आतां एक दुसरी बाजू. मी केवळ देवाला जबाबदार आहें असें जो म्हणतो, त्याच्या वह्या आधीं पाहाव्या. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी नेत होता तेव्हां त्यानें दुसरे विश्वासू भाऊ बरोबर घेतले, आणि प्रभूपुढेंच नव्हे तर मनुष्यांपुढेंहि सर्व कांहीं चोख असावें, अशी काळजी आपण घेतों असें लिहिलें (२ करिंथ. ८:२०, २१). लोकांची स्तुति नको म्हणणारा पौल लोकांस हिशेब देण्यास चुकत नाहीं. स्तुति व हिशेब ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि कित्येक ठिकाणीं अगदीं उलट चालतें. हिशेब विचारला कीं देवाचें नांव पुढें येतें, आणि चार घोंगड्या वांटल्या कीं फोटो पुढें येतो. प्रभूच्या काळीं दान देतांना पुढें कर्णा वाजवीत. आतां कर्ण्याचें काम खिशांतल्या फोनानें होतें.

उपदेशकबंधूंनीं हा पाठ घेतांना शौलाचा अध्याय संपूर्ण, न थांबतां वाचून दाखवावा. गोष्ट ऐकण्यांत आपलीं माणसें हुशार आहेत. मेंढरांच्या ओरडण्यापाशीं तीं आपण होऊनच हंसतात. मग मंडळींत कोण कोणाला भितो, हें बायांस विचारावें. त्यांस तें पाळकाहून अधिक ठाऊक असतें. आणि थेस्सलनीकाकरांचा अध्याय चवथ्या वचनाशीं सोडूं नये. सातव्यांत पौल स्वतःस लेंकरांस पाजणाऱ्या आईची उपमा देतो, अकराव्यांत बापाची. मध्यें नवव्यांत रात्रंदिवस कष्ट केल्याचें सांगतो, तें अशासाठीं कीं कोणावर भार पडूं नये. ज्याला त्यांची शाबासकी नको होती, त्यानेंच त्यांस आपला जीव दिला.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा रिठदास गेलों. त्या वृद्ध गृहस्थांस हें आईचें वचन वाचून दाखविलें. मर्जी राखणें निराळें व माया करणें निराळें, असें आमचें उत्तर होतें. पोराला ताप असतां तें मागेल तें आई त्याला खाऊं घालीत नाहीं, हें त्यांस लागलीच पटलें. मग लग्नाची ती गोष्टहि, गांवाचें नांव न घेतां, सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटीं म्हणाले, "मंग गेले का तुमी त्या मानसाच्या घरी?"

गेलों होतों. अकरा महिन्यांनीं गेलों. त्याच्या घरीं पिठलें-भाकर जेवलों, आणि त्या रविवारीं अंत्युखियाचा पाठ मंडळीपुढें वाचून, त्या दिवशीं आमची गाडी सातला होती हेंहि सांगितलें. घरधनी उपासनेच्या मध्यावर उठून गेले. त्यांनीं वर्गणी बंद केली आहे. तीन कुटुंबें त्यांच्या बरोबर येईनाशीं झालीं. दोन महिन्यांमागें त्यांची सून लेंकराला घेऊन एकटीच आली व मागें बसली. मंदिराचे दोन पत्रे वाऱ्यानें उचलले गेले आहेत, त्यांच्या जागीं सध्यां ताडपत्री बांधली आहे.